नदीकाठी नाव ठेवताय? या चुका टाळा

भुसावळात माझं पंप आणि इंजिन दुरुस्तीचं काम. चांगदेवच्या संगमापासून खाली प्रकाशापर्यंत तापीवर ज्यांच्या नावा चालतात, त्यातल्या बऱ्याच जणांची इंजिनं कधी ना कधी माझ्या टेबलावर येऊन गेलीत. नाव बुडवली, पंखा काढून नेला, नळी कापली, असे फोन सकाळी चहाच्या आधीच येतात. चोर पकडणं माझं काम नाही. पण चोराने केलेलं नुकसान आणि नंतर मालकाने घाईत केलेलं नुकसान इंजिन उघडलं की वेगवेगळं दिसतं, आणि दुसऱ्याचं बिल जास्त येतं. त्याच त्याच चुका बघून कंटाळा आला, म्हणून लिहितोय.

बुडालेलं इंजिन काढून उन्हात वाळत घालणं

ही माझ्या मते सगळ्यात महाग चूक. महाशिवरात्रीच्या सुमाराला चांगदेव-मुक्ताईची यात्रा भरते. तापी-पूर्णेच्या संगमावर तेव्हा नावेला गिऱ्हाईक असतं. एका तरण्या पोराने त्याच हिशेबाने फायबरची नाव आणि जुनं टू-स्ट्रोक इंजिन घेतलं. यात्रेच्या तोंडावर रात्री कोणीतरी नावेचं बूच काढून फेकलं. सकाळी नाव मागच्या अंगाने बुडालेली, इंजिन डोक्यापर्यंत पाण्यात.

पोराने चार जण बोलावून इंजिन वर काढलं आणि काठावर गोणपाटावर ठेवलं. मग पोलीस ठाणं, मग ओळखीचा कोणी पुढारी, मग जेवण. दुपारी उन्हात इंजिन बाहेरून खडखडीत वाळलेलं दिसलं म्हणून दोरी ओढली. दोरी हलेना. मग मित्राने फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या जड चाकाच्या, नटावर पाना चढवला आणि पान्याला लांब पाइप लावून दोघांनी जोर केला. माझ्याकडे आलं तेव्हा कनेक्टिंग रॉड वाकलेला होता आणि बेअरिंगवर गंज धरायला लागला होता. पोरगं म्हणे, "काय सांगू भो, चोराने वाट लावली." चोराने बूच काढलं होतं. बुचाला किती पैसे लागतात?

आता नीट समजून घ्या. गोड्या पाण्यात बुडालेल्या इंजिनाला पाण्यात असताना फारसा त्रास नसतो. पाण्यातून काढलं आणि हवा लागली की आतल्या ओल्या पोलादावर गंज सुरू होतो. म्हणजे वेळ मोजायचा तो बाहेर काढल्यापासून, आणि तीनेक तासांत काम उरकायला हवं. मेकॅनिक संध्याकाळी येणार असेल तर संध्याकाळपर्यंत इंजिन पाण्यातच राहू द्या. हे सांगितलं की लोक माझ्याकडे वेड्यासारखं बघतात.

बाहेर काढल्यावर माझी पद्धत अशी. आधी स्वच्छ पाण्याने चिखल धुऊन काढायचा. स्पार्क प्लग काढून इंजिन असं आडवं करायचं की प्लगची भोकं खाली येतील, आणि दोरी हळूहळू ओढून पाणी बाहेर पाडायचं. हळूहळू म्हणतोय. सिलिंडरमध्ये पाणी भरलेलं असताना जोराने फिरवलं तर पाणी दाबलं जात नाही, रॉड वाकतो. दोरी ओढताना आत करकर जाणवली तर तिथेच थांबा, वाळू गेली आहे, आता उघडल्याशिवाय गत्यंतर नाही. करकर नसेल तर कार्ब्युरेटर आणि टाकीतलं पेट्रोल ओतून टाका, प्लगच्या भोकांतून टू-स्ट्रोक ऑइल सोडा, पुन्हा थोडं फिरवा, कोरडे प्लग लावा, ताजं पेट्रोल भरून चालू करा आणि अर्धा-एक तास चालू ठेवा. फोर-स्ट्रोक असेल तर खालचं ऑइल बदला, थोडं चालवा, परत बदला. आत दुधासारखं पांढरट ऑइल राहिलं असेल तर तिसऱ्यांदा बदला. ऑइलचा खर्च डोळ्यांसमोर आणून कोणी एकदाच बदलतो, आणि दोन महिन्यांनी माझा खर्च डोळ्यांसमोर येतो.

पावसाळ्यात मात्र तापीच्या पाण्यात गाळच इतका असतो की हे घरगुती काम पुरत नाही. सरळ उघडायला द्या.

आखूड साखळी, आणि मग शेजाऱ्यावर आळ

दोरीने नाव बांधणाऱ्यांबद्दल लिहीत नाही. नायलॉनच्या दोरीला विळ्याचा एक झटका पुरतो. साखळी लावणाऱ्यांबद्दल लिहितो, कारण ते स्वतःला हुशार समजतात.

जाड साखळी, भारी कुलूप, आणि ती अडकवलेली असते नावेच्या नाकावरच्या कडीत, जिचा नट आतून साध्या पान्याने सुटतो. चोर कुलपाला हातही लावत नाही. नट सोडतो, कडी साखळीला लटकत ठेवतो, नाव घेऊन जातो. त्या नटामागे लोखंडी पट्टी द्या आणि बोल्टचं टोक हातोडीने ठेचून टाका किंवा वेल्डिंगचा एक ठिपका मारा. पाच मिनिटांचं काम आहे. कुलपावर जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा चढवायचा आणि आत इंजिन ऑइलचे थेंब सोडायचे, ही माझी सवय. नाहीतर गंजलेलं कुलूप शेवटी मालकच फोडतो.

आता आखूड साखळीचं. हतनूर धरणाच्या खालच्या अंगाला एका गावातून फोन आला, "भाऊ, मनी नाव कोनी बुडाई दिधी!" मी पोहोचलो तोवर शेजारच्या वस्तीतल्या भोयांशी बाचाबाची होऊन गेली होती, प्रकरण हातघाईवर यायचं बाकी. पाणी थोडं ओसरल्यावर बघितलं तर कुलूप जागेवर, बूच जागेवर, नावेला ओरखडा नाही, आणि साखळी बाभळीच्या बुंध्यापासून पाण्यात ताठ गेलेली. आदल्या दिवशी धरणाचे दरवाजे उघडले होते. हतनूरला दरवाजे ४१ आहेत. त्यातले थोडे जरी उघडले तरी खाली पाणी चढतं, नदीकाठच्या गावांना इशाराही देतात. नाव पाण्याबरोबर वर यायला बघत होती, हातभर साखळीने तिचं नाक खाली धरून ठेवलं, आणि पाणी आत शिरलं. चोर नव्हता, तोडफोड नव्हती.

म्हणून आरडाओरडा करण्याआधी साखळी बघा. ताठ आणि सरळ खाली गेली असेल, आतलं सामान जागेवर असेल, तर पाण्याचं काम. बूच गायब, नळी कापलेली, भोक पाडलेलं, तर माणसाचं. घाटावर एक उभा लोखंडी पाइप काँक्रीटमध्ये रोवा, त्यावर सैल कडी घाला, साखळी त्या कडीला लावा. पाणी चढलं की कडी वर सरकते. पाइपचं वरचं टोक तेवढं बंद करा, नाहीतर कडी वरून काढून नेतील. तापीच्या काठावरच्या दरडीत खुंटी ठोकून नाव बांधू नका, पहिल्या मोठ्या पाण्यात दरडीसकट जाते.

जाळी कापणं

तोडफोड होते तिथे मी आधी विचारतो, गेल्या आठवड्यात कोणाच्या जाळ्यातून गेलास? मासेमारी करणारे संध्याकाळी तंगुसाची, म्हणजे नायलॉनच्या बारीक धाग्याची, जाळी लावतात, सकाळी काढतात. पर्यटक बसवून घाईत निघालेला नावाडी पंखा सरळ त्यातून नेतो आणि मागे वळूनही बघत नाही. तो नुसता तंगूस नसतो, त्या घरची कमाई असते. मग रात्री तुमची पेट्रोलची नळी कापली जाते. जाळी कुठे लागतात ते विचारून घ्या, कापलं गेलं तर त्याच दिवशी जाऊन पैसे द्या. रात्री नदीवर जागं असणारं माणूस म्हणजे हे मासेमारी करणारेच. पगारी राखणदार झोपतो.

बाकी फुटकळ

पंखा, बॅटरी, वल्ही, पेट्रोलची टाकी रात्री घरी न्या. कंटाळा येतो म्हणणाऱ्याने नाव घेऊ नये.

हाताने आवळायच्या क्लॅम्पवर छोटं इंजिन तसंच सोडू नका. पंचवीस-तीस किलोचं इंजिन दोन माणसं सहज उचलतात. क्लॅम्पच्या दोन्ही मुठींवर बसणारं नळीसारखं कुलूप मिळतं, ते लावा.

लाइफ जॅकेटवर ऑइलपेंटने मोठ्या अक्षरात गावाचं नाव लिहा. रंगवलेलं जॅकेट कोणी विकत घेत नाही.

टाकीत साखर टाकली म्हणून रडत येतात. साखर पेट्रोलमध्ये विरघळत नाही, तळाशी बसते आणि फिल्टर तुंबवते. टाकी धुवा, फिल्टर बदला.

कॅमेरा शेवटी. आधी कॅमेरा लावणाऱ्यांचे कॅमेरेच चोरीला गेलेले बघितले आहेत.

वाळूचा उपसा चालतो त्या घाटाजवळ नाव बांधू नका. का ते नदीकाठच्या माणसाला सांगायला नको.

कागद नसताना ठाण्यात जाणं

इंजिनाच्या नावेला अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ प्रमाणे नोंदणी लागते. ती नसली की मालक तक्रार द्यायलाच कचरतो, आणि चोराला ते माहीत असतं. नोंदणी, इंजिनाचं बिल, नंबरच्या पाटीचा फोटो एका पिशवीत ठेवा.

१ जुलै २०२४ पासून चोरीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ आणि नुकसान करण्याला कलम ३२४ लागतं. पाच हजारांच्या आतली चोरी अदखलपात्र धरली जाऊ शकते, म्हणून "वल्हं गेलं" एवढंच सांगून येऊ नका, गेलेल्या प्रत्येक वस्तूची किंमत घालून यादी द्या. तक्रार नोंदली की प्रत फुकट मिळते, मागून घ्या. ठाण्यात नोंदवून घेत नसतील तर तीच तक्रार लेखी, टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. आणि पंचनामा होईपर्यंत बुडालेली नाव हलवू नका. वर सांगितलंच, इंजिन तोवर पाण्यात सुखरूप आहे.

स्वस्तातलं जुनं इंजिन

चोरीनंतर धंदा थांबू नये म्हणून लोक पहिलं स्वस्त इंजिन उचलतात, आणि ते दुसऱ्याचं चोरीचं निघतं. क्लॅम्पजवळची नंबरची पाटी खरवडलेली असेल तर हात लावू नका. बऱ्याच कंपन्यांच्या इंजिनांत तोच नंबर ब्लॉकवरच्या एका गोल धातूच्या प्लगवरही ठोकलेला असतो. चोर पाटी काढतो, प्लग विसरतो. दोन्ही नंबर जुळले नाहीत तर विकणाऱ्याला बिल मागा. बिल उद्या देतो म्हणाला तर इंजिनही उद्याच घ्या. माझ्याकडे असं इंजिन दुरुस्तीला आलं तर मी ते टेबलावर घेत नाही, आणणारा कितीही ओळखीचा असो.