साताऱ्यातून स्पेस स्टेशन बघायचंय? आधी लोकेशन टाका

टेलिस्कोप नंतर घ्या, आधी हेवन्स-अबव्ह ही फ्री साइट उघडा, पण लोकेशन सेट केल्याशिवाय तिथले स्टेशन दिसण्याचे टायमिंग बघू नका कारण ती साइट बाय डिफॉल्ट शून्य अक्षांश शून्य रेखांश धरते म्हणजे पार समुद्रातलं आकाश दाखवते 😄 सातारा टाका, सांगलीकरांनी सांगली. मग आयएसएसच्या (म्हणजे इंटरनॅशनल स्पेस स्टेशनच्या) टेबलमध्ये दोनच कॉलम महत्त्वाचे, ब्राइटनेस (आकडा मायनसमध्ये जितका जास्त तितकं ते ठळक) आणि सगळ्यात वरची उंची (क्षितिजापासून किती अंश वर), ती ४० अंशांच्या वर असेल तरच चहा सोडून गच्चीवर जा. सातारा शहरात दक्षिणेला अजिंक्यतारा, पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर, त्यामुळे क्षितिजाजवळून जाणारा पास (स्टेशनची आकाशातली फेरी) डोंगराआडच जातो. स्टेशन जमिनीपासून साधारण ४०० किमी वर असतं, आपल्याकडे अंधार झाला तरी त्याच्यावर ऊन असतं म्हणून चमकतं, त्यामुळे टाइम कायम संध्याकाळचा नाहीतर पहाटेचा.

ताऱ्यांसाठी स्टेलॅरियम हे आकाशाचा नकाशा दाखवणारं अ‍ॅप बेस्ट, नाइट मोड लाल करून वापरा म्हणजे डोळे दिपत नाहीत.

आणि पावसाळ्यात? जून ते सप्टेंबर आपल्याकडे आभाळ दिसलं तर नशीब, तेव्हा झूनिव्हर्स या साइटवर (इथे सामान्य लोक शास्त्रज्ञांना मदत करतात) गॅलक्सी झू करा, घरबसल्या दीर्घिकांचे फोटो बघून आकार ओळखायचे, २००७ साली हॅनी व्हॅन आर्केल या डच शिक्षिकेला यातच एक विचित्र हिरवट ढग सापडला होता. चांद्रयान-२ चा डेटापण इस्रोच्या प्रदान पोर्टलवर रजिस्टर करून फुकट मिळतो, फाइली मात्र जड असतात, मोबाइल डेटावर नको.