कंप्युटर सायन्सच्या पीएच.डी.चा अर्ज : तयारी शिफारसपत्रांपासून सुरू करा

अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांत पीएच.डी.च्या अर्जाची शेवटची तारीख डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात असते. १५ डिसेंबर ही त्यातली नेहमीची. त्यामुळे बरेच जण ऑक्टोबरात जागे होतात आणि सगळ्यात आधी एसओपी (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे आपलं काम आणि उद्दिष्ट मांडणारा निबंध) लिहायला बसतात. गेली काही वर्षं मी ओळखीतल्या मुलामुलींचे अर्ज वाचून देते आहे, आणि माझं मत आता पक्कं झालंय : यादीत सर्वांत वर शिफारसपत्रं हवीत. बाकी सगळं तुमच्या हातात असतं. ही तीन पत्रं मात्र दुसऱ्यांच्या हातात असतात, आणि अर्जात सगळ्यात जास्त वजन त्यांनाच असतं.

त्याचं कारण सरळ आहे. अर्ज वाचणाऱ्या प्राध्यापकांना एकच गोष्ट जाणून घ्यायची असते, ती म्हणजे या व्यक्तीला संशोधन जमेल का. गुणपत्रिका फक्त इतकंच सांगते, की ज्या प्रश्नांची उत्तरं आधीच माहीत आहेत ते तुम्ही सोडवू शकता. उत्तर कोणालाच ठाऊक नसताना तुम्ही तीन महिने कसे टिकलात, हे ज्यांनी जवळून पाहिलं तेच सांगू शकतात. माझ्या स्वतःच्या पहिल्या खेपेच्या अर्जात तीनपैकी दोन पत्रं 'माझ्या विषयात पहिली आली, वर्गात नियमित असते' अशा थाटाची होती. लिहिणाऱ्यांनी मनापासून लिहिलं होतं, पण त्यांनी माझं काम पाहिलेलंच नव्हतं, तर लिहिणार तरी काय? त्या वर्षी कुठूनही होकार आला नाही. पुढच्या वर्षी गुण तेच होते, परीक्षाही तीच, पण दोन पत्रं माझ्याबरोबर प्रत्यक्ष काम केलेल्यांची होती.

म्हणून अर्जाच्या किमान वर्षभर आधी मोजून बघा, आज माझ्या कामाबद्दल पानभर ठोस लिहू शकतील अशी किती माणसं आहेत? तीनपैकी दोन तरी संशोधनातली हवीत. तिसरं पत्र नोकरीतल्या वरिष्ठांचं चालतं, पण त्यांनी तुमचा वक्तशीरपणा नाही, तर एखादा अवघड तांत्रिक प्रश्न तुम्ही कसा हाताळलात ते लिहायला हवं. रोजचं मार्गदर्शन एखाद्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यानं केलं असेल, तर त्याला टिपणं काढून द्यायला सांगा. प्राध्यापक ती वापरून स्वतःच्या सहीचं पत्र लिहितात, आणि ते कितीतरी जिवंत होतं.

पत्र मागायचं ते निदान सहा आठवडे आधी. विचारताना 'पत्र द्याल का' असं न विचारता 'माझ्यासाठी भक्कम पत्र लिहिता येईल असं तुम्हाला वाटतं का' असं विचारा, म्हणजे समोरच्याला नाही म्हणायलाही वाट राहते. होकार मिळाला की एकच फोल्डर पाठवा. त्यात सीव्ही, गुणपत्रिका, एसओपीचा कच्चा मसुदा, विद्यापीठांची तारखांसकट यादी, आणि एक पान 'आपण एकत्र काय केलं' याचं. हे पान सगळेच टाळतात आणि तेच सर्वांत कामाचं असतं. 'डेटावर काम केलं' असं त्यात लिहू नका. 'मार्चमध्ये डेटासेटमधल्या काही नोंदी प्रशिक्षणात आणि चाचणीत दोन्हीकडे आहेत हे मला सापडलं, त्यामुळे आपले आधीचे आकडे फुगलेले होते, मग सगळे प्रयोग पुन्हा चालवले' असं लिहा. प्राध्यापकांना तुम्ही आठवता, तपशील आठवत नाहीत.

फॉर्ममध्ये पत्र पाहण्याचा हक्क सोडता का, असा एक प्रश्न येतो. १९७४च्या फर्पा या विद्यार्थ्यांच्या नोंदींबद्दलच्या अमेरिकी कायद्यानं विद्यार्थ्याला तो हक्क दिलेला आहे. तो सोडा. लिहिणारा मोकळेपणानं लिहितो आणि वाचणारा त्यावर विश्वास ठेवतो. शिफारस देणाऱ्यांची नावं नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच भरून टाका, कारण पत्र भरण्याचा दुवा त्यांना आपोआप ईमेलनं जातो आणि पुष्कळदा स्पॅममध्ये जाऊन बसतो. आठवडाभर आधी एक नम्र आठवण. त्यात कोणालाही राग येत नाही.

आता कुठे अर्ज करायचा. आधी एमएस की पीएच.डी. हे ठरवा, कारण अमेरिकेत बी.ई.नंतर थेट पीएच.डी.ला जाता येतं. तिला साधारण पाच-सहा वर्षं लागतात, पण शिक्षणशुल्क माफ असतं आणि संशोधन किंवा अध्यापन सहाय्यक म्हणून मानधन मिळतं. एमएसचा खर्च बहुतेक वेळा स्वतःच करावा लागतो. युरोपात बहुतेक ठिकाणी आधी मास्टर्स लागते, आणि पीएच.डी. ही पगारी जागा असते. विशिष्ट प्राध्यापकाकडची जाहिरात निघाली की तिला अर्ज करायचा, त्यामुळे तारखा वर्षभर पसरलेल्या असतात.

यादी विद्यापीठांची नको, माणसांची करा. आपल्या विषयात कॉन्फरन्समधल्या पेपरना जर्नलपेक्षा जास्त मान असतो. नेटवर्किंगमध्ये सिगकॉम, मशीन लर्निंगमध्ये न्यूरिप्स, ऑपरेटिंग सिस्टिम्समध्ये एसओएसपी, प्रोग्रामिंग भाषांमध्ये पॉपल. तुमच्या विषयाच्या अशा कॉन्फरन्सची गेल्या दोन-तीन वर्षांची पेपरांची यादी डीबीएलपी या कंप्युटर सायन्सच्या पेपरांच्या ऑनलाइन सूचीवर उघडा आणि जे शीर्षक वाचून पुढे वाचावंसं वाटतं त्याचे लेखक टिपा. एमरी बर्गर या प्राध्यापकांनी सुरू केलेलं सीएसरँकिंग्ज हे विभागांची क्रमवारी देणारं संकेतस्थळही इथे उपयोगी पडतं, पण क्रमांकासाठी नव्हे. तिथे विषय निवडला की कोणत्या विभागात कोण त्यावर लिहितंय ते लगेच दिसतं. एका ठिकाणी तुमच्या जोगते किमान दोन-तीन प्राध्यापक हवेत. एकटाच असेल आणि तो रजेवर गेला किंवा विद्यापीठ सोडून गेला, तर अख्खा अर्ज वाया. प्राध्यापकाचं स्वतःचं पान शेवटपर्यंत वाचा. यंदा विद्यार्थी घेणार की नाही, ईमेल केलेलं चालेल की नाही, हे पुष्कळांनी तिथेच लिहिलेलं असतं. ईमेल करायचंच असेल तर चार-पाच ओळी आणि त्यांच्या पेपरवरचा एक खरा प्रश्न, एवढंच. माझ्या मते आठ ते बारा अर्ज पुरे. प्रत्येकाला वेगळी फी असते आणि ती माफ करून घ्यायची विनंती बहुतेक ठिकाणी अंतिम तारखेच्या बरीच आधी करावी लागते, तेव्हा तीही तारीख तक्त्यात टाका.

एसओपीकडे आता वळू. 'लहानपणापासून मला कंप्युटरची आवड होती' हे वाक्य दिसलं की मी पहिल्यांदा ते काढते. त्यामागची भावना खरी असते, पण प्राध्यापकाला त्यातून काहीच कळत नाही. एकीनं मला दाखवलेल्या मसुद्यात एक ओळ होती : 'मी वितरित प्रणालीवर प्रकल्प केला आणि त्यातून खूप शिकले.' मी विचारलं, काय अडलं होतं? ती अर्धा तास बोलत होती. तेच तिनं मग लिहून काढलं (नोड म्हणजे एकत्र काम करणाऱ्या संगणकांपैकी एक, आणि लीडर म्हणजे त्यांच्यातला बाकीच्यांना चालवणारा). 'तीन नोडपैकी लीडर बंद पडला की कधीकधी नवा लीडर निवडलाच जात नव्हता. मी आधी नेटवर्कला दोष दिला. लॉग वाचल्यावर दिसलं, की उरलेले दोन्ही नोड एकाच क्षणी उमेदवार होतात, स्वतःलाच मत देतात आणि बहुमत कोणालाच मिळत नाही. प्रत्येक नोडची वाट पाहण्याची मुदत यादृच्छिक केल्यावर कोंडी सुटली.' हा उपाय राफ्ट या अनेक संगणकांत एकमत घडवणाऱ्या प्रसिद्ध अल्गोरिदममध्ये आहेच, आणि तेही तिनं प्रामाणिकपणे लिहिलं. पण त्यापुढे तिनं स्वतःला पडलेला प्रश्न मांडला : नेटवर्कचा वेग सतत बदलत असेल तर ही मुदत नोडनं स्वतःच कशी ठरवावी? तिचा अर्ज खरा उभा राहिला तो या प्रश्नावर.

म्हणजे एसओपीचा मोठा भाग एक किंवा दोन कामांना द्या आणि प्रत्येकात प्रश्न काय होता, तुम्ही स्वतः काय केलंत, काय फसलं, पुढे काय करावंसं वाटतं, हे येऊ द्या. फसलेला प्रयोग लपवू नका. तो का फसला हे ज्याला सांगता येतं, त्यानं काम खरंच केलेलं असतं. शेवटच्या परिच्छेदात त्या विद्यापीठातल्या दोन-तीन प्राध्यापकांची नावं आणि त्यांच्या कामाशी तुमचा प्रश्न कुठे जुळतो ते लिहा. काही ठिकाणी, उदाहरणार्थ बर्कलीत, वैयक्तिक वाटचालीवर वेगळा निबंध मागतात. तिथे एसओपीचेच तुकडे डकवू नका. मसुदा विषयातल्या एकाला आणि विषयाबाहेरच्या एकाला वाचायला द्या. एमआयटीच्या ईईसीएससारख्या (इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग आणि कंप्युटर सायन्स) काही विभागांत सध्याचे विद्यार्थीच इच्छुकांना अर्जासाठी मोफत मार्गदर्शन करतात. नोंदणी लवकर बंद होते, तेव्हा वेळेत बघा.

परीक्षांबद्दल फार लिहीत नाही. कंप्युटर सायन्सच्या पुष्कळ विभागांनी जीआरई ही प्रवेशासाठीची सामान्य परीक्षा बंद किंवा ऐच्छिक केली आहे, म्हणून प्रत्येक विभागाचं पान तपासा. सप्टेंबर २०२३पासून ही परीक्षा दोन तासांच्या आत संपते आणि गुण पाच वर्षं चालतात. टोफेल आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण दोनच वर्षं. जीआरईची कंप्युटर सायन्सची विषय परीक्षा २०१३मध्येच बंद झाली, तेव्हा जुन्या सल्ल्यांत ती दिसली तर पुढे चला.

सीव्ही दोन पानांत बसवा, संशोधन वर, 'स्वीकारला' आणि 'परीक्षणाधीन' हे पेपर वेगवेगळे. कोडचा दुवा लॉगआउट करून उघडून बघा. नाहीतर तो फक्त तुम्हालाच दिसत असतो. गुणपत्रिका दोन्ही बाजूंनी स्कॅन करा, कारण श्रेणींचा तक्ता पुष्कळदा मागे छापलेला असतो. फॉर्ममध्ये सांगितलेलं नसेल तर गुण अमेरिकेतल्या चारपैकीच्या पट्टीत (जीपीए) स्वतः बदलू नका. नाव सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच.

अर्ज दोन-तीन दिवस आधी पाठवा. अंतिम वेळ कुठल्या घड्याळाची आहे ते वाचून स्वतःच्या वेळेत लिहून ठेवा. पाठवण्याआधी फॉर्मची पूर्ण पीडीएफ उतरवून ओळ न् ओळ वाचा. एकदा मी अशीच पीडीएफ वाचत असताना शेवटच्या परिच्छेदात दुसऱ्याच विद्यापीठाचं नाव सापडलं होतं, पाठवायच्या तासभर आधी.

जानेवारी-फेब्रुवारीत मुलाखती होतात. एकच काम दोन मिनिटांत आणि दहा मिनिटांत, असं दोन्ही प्रकारे मोठ्यानं सांगून बघा. होकार आल्यावर त्या प्राध्यापकाच्या विद्यार्थ्यांशी बोला. आठवड्यातून किती वेळा भेटतात, पीएच.डी. अर्धवट सोडून कोणी गेलं का आणि का, हे स्पष्ट विचारा. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या पदव्युत्तर शिक्षण देणाऱ्या विद्यापीठांच्या संघटनेच्या ठरावावर सह्या केलेली विद्यापीठं आर्थिक साहाय्यासह दिलेल्या जागेसाठी १५ एप्रिलच्या आधी उत्तराची सक्ती करत नाहीत, तेव्हा कोणी घाई केली तर मुदत मागायला संकोचू नका. मात्र तुमचं ठरलं असेल तर उरलेल्या जागांना त्याच दिवशी नकार कळवा, कारण प्रतीक्षायादीतलं कोणीतरी त्याची वाट बघत असतं. आणि ज्यांनी पत्रं लिहिली त्या तिघांना निकाल स्वतः कळवा, कुठे होकार आला नाही तेही.