प्रोग्रेसिव्ह प्रेसवर रायफलची काडतुसं भरताना पावडर कशी निवडायची

घरी काडतुसं भरताना रायफलसाठी पावडर कुठली घेऊ असं विचारलं की बहुतेक जण थेट अचूकतेवर येतात, कुठल्या पावडरने सगळ्यात लहान ग्रुप बसतो, म्हणजे गोळ्या निशाण्यावर एकमेकींच्या किती जवळ लागतात वगैरे. सिंगल स्टेज प्रेसवर, म्हणजे एका वेळी एकच काम करणाऱ्या मशीनवर, एकेक चार्ज (एका काडतुसाची पावडर) काट्यावर मोजून भरत असाल तर ते बरोबरच आहे. पण प्रोग्रेसिव्हवर हँडल मारलं की काडतूस एका स्टेशनवरून पुढच्या स्टेशनवर सरकत तयार होतं, आणि तिथे पावडर वजनाने पडत नाही, मापाने पडते, म्हणजे आतल्या ड्रमची किंवा सरकपट्टीची पोकळी जितकी भरेल तितकी पावडर केसमध्ये, म्हणजे काडतुसाच्या पितळी खोळीत, जाते, आणि ती दर वेळी सारखीच भरली का हे मशीनला कळत नाही. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे, प्रोग्रेसिव्हसाठी आधी अशी पावडर शोधा जी मेझरमधून, म्हणजे ह्या मापाच्या यंत्रातून, दर वेळी सारखी पडते आणि जिची चूक केसमध्ये डोळ्यांना दिसते. अचूकतेचं त्यानंतर बघू.

सुरुवातीलाच एक सांगतो. इथे मी एकही लोड, म्हणजे पावडर-बुलेट-प्रायमरचं पक्कं प्रमाण, देणार नाहीये. किती ग्रेन (पावडर मोजायचं वजनाचं एकक), कुठली बुलेट, कुठला प्रायमर (पावडर पेटवणारी टोपी) हे पावडर बनवणाऱ्या कंपनीच्या चालू मॅन्युअलमधून घ्यायचं, खालच्या आकड्यापासून सुरू करायचं आणि केसवर, प्रायमरवर, बोल्ट उचलताना जास्त प्रेशरच्या खुणा दिसतात का बघत थोडंथोडं वर जायचं. आणि तुमच्या देशात काडतुसं घरी भरायला परवानगी आहे का, पावडर किती ठेवता येते, हे काहीही विकत घ्यायच्या आधी बघा.

आता दाण्याचा आकार, कारण सगळा खेळ तिथेच आहे. रायफलच्या पावडरी ढोबळ दोन प्रकारच्या. एक एक्सट्रुडेड, म्हणजे स्टिक पावडर, पेन्सिलीच्या शिशाचे बारीक तुकडे केल्यासारखी दिसते. दुसरी बॉल पावडर, गोल किंवा दाबून चपटे केलेले बारीक दाणे. बॉल पावडर मेझरमधून सरसर घरंगळते, पोकळी दर वेळी जवळपास सारखीच भरते, चांगल्या मेझरवर ०.१ ग्रेनच्या आतबाहेर राहते. कंपनीचं नाव आणि पावडरचा नंबर असं सांगायचं तर हॉजडनची एच ३३५, सीएफई २२३, विंचेस्टर ७४८, रॅमशॉट टॅक, अ‍ॅक्युरेट २५२० ह्या सगळ्या बॉल. लांब दाण्याची स्टिक पावडर, उदाहरणार्थ आयएमआर ४०६४, पोकळीत आडवीतिडवी बसते, ड्रम फिरताना त्याच्या कडेला दाणे कापले जातात, हँडलला तो कचकन आवाज आणि अडखळ जाणवते, आणि चार्ज कमीजास्त पडतो. ४०६४ उत्तम पावडर आहे, वाईट अजिबात नाही, फक्त ह्या मशीनसाठी त्रासाची.

मधला रस्ता म्हणजे आखूड दाण्याच्या स्टिक पावडरी. आयएमआर ८२०८ एक्सबीआर, हॉजडन बेंचमार्क, व्हिटाव्हुओरी एन १३३ ह्या स्टिक असूनही मेझरमधून छान पडतात. हॉजडन ४८३१ तर दोन रूपांत मिळते, साधी आणि एससी म्हणजे शॉर्ट कट, पावडर तीच फक्त दाणा आखूड, आणि तो आखूड केला तो मेझरमधून नीट पडावी म्हणूनच. व्हारगेट लांब आणि आखूड दाण्याच्या मध्ये कुठेतरी येते, .३०८ च्या काडतुसात चालवून घेता येते, त्याहून लहान .२२३ च्या बारीक नेकमध्ये, म्हणजे केसच्या अरुंद तोंडात, मात्र मला तिचा भरवसा कमी वाटतो.

बारीक नेकचा मुद्दा नीट समजून घ्या कारण धोका तिथे आहे. .२२३ मध्ये पावडर ज्या भोकातून उतरते ते लहान असतं, लांब दाणे त्यात एकमेकांवर आडवे अडकून पूल बांधतात, मग एका केसला अर्धीच पावडर मिळते आणि पुढची केस आली की अडकलेली पावडर तिच्या स्वतःच्या चार्जसकट खाली येते. पुढची केस ओसंडून वाहते, शेलप्लेटवर, म्हणजे केस धरून फिरणाऱ्या तबकडीवर, दाणे सांडतात, ते निदान दिसतं तरी. आधीची अर्धी भरलेली केस मात्र चुपचाप पुढच्या स्टेशनवर जाऊन बुलेट बसवून बाहेर पडते. तसली गोळी नळीत अडकली आणि मागून दुसरी झाडली गेली तर नळी फुटू शकते. त्यामुळे शेलप्लेटवर पावडर सांडलेली दिसली की थांबायचं, नुसतं झटकून पुढे जायचं नाही, आधी भरून पुढे गेलेल्या दोनतीन केस काढून वजन करायचं.

बर्न रेटचा, म्हणजे पावडर किती वेगाने जळते ह्याचा, तक्ता सगळ्यांनी पाहिलेला असतो, वेगवान पावडर वर आणि संथ खाली. तो तक्ता फक्त क्रम सांगतो, लोड सांगत नाही, आणि शेजारीशेजारी आहेत म्हणून दोन पावडरी एकमेकींच्या जागी वापरायच्या नाहीत. नावांनी तर जास्तच घोळ होतो. हॉजडन ४३५०, आयएमआर ४३५० आणि अ‍ॅक्युरेट ४३५० ह्या तीन वेगवेगळ्या पावडरी आहेत, ४८९५ चंही तसंच, हॉजडनची वेगळी आणि आयएमआरची वेगळी. डबा उचलताना आकड्याआधीचं नाव वाचा.

कुठल्या काडतुसाला कुठला वेग, ते साधारण असं. .२२३ ला एच ३३५, टॅक, बेंचमार्क, ८२०८ ह्या पट्ट्यातल्या. .३०८ ला विंचेस्टर ७४८, २५२०, व्हारगेट, ८२०८. ६.५ क्रीडमूरला लोक हॉजडन ४३५० वर जीव टाकतात आणि ते समजण्यासारखं आहे, पण प्रोग्रेसिव्हवर भरायचं असेल तर विंचेस्टरची स्टाबॉल ६.५ जरूर बघा, ती बॉल आहे आणि तापमान बदललं तरी तिचं प्रेशर फारसं हलू नये अशी बनवलेली आहे. गॅसवर चालणारी, म्हणजे झाडलेल्या पावडरच्या गॅसने पुढची गोळी आपोआप भरणारी रायफल असेल तर अजून एक बंधन येतं. एम १ गॅरंड ह्या जुन्या अमेरिकन लष्करी रायफलमध्ये फार संथ पावडर घातली तर गॅस पोर्टपाशी (नळीतून गॅस बाहेर घेणारं भोक) प्रेशर जास्त राहतं आणि त्या गॅसने ढकलला जाणारा ऑपरेटिंग रॉड वाकू शकतो, म्हणून तिथे ४८९५ च्या आसपासचाच मध्यम वेग ठेवतात, आणि गॅरंडसाठी वेगळा दिलेला डेटाच वापरायचा, त्याच .३०-०६ काडतुसाचा साधा डेटा नाही.

केस किती भरते हेही बघायचं. पावडर केसच्या खांद्याच्या, म्हणजे नेकखाली केस अरुंद होते त्या जागेच्या, आसपास येत असेल तर सगळ्यात उत्तम, कारण दुप्पट चार्ज पडला तर तो मावतच नाही, बाहेर येतो, आणि कमी पडला तरी वरून बघताना लगेच कळतं. उलट पावडर नेकपर्यंत आली तर शेलप्लेट झटक्याने फिरताना ती उडते आणि दाबून बुलेट बसवावी लागते, तेही ह्या मशीनवर नकोच. .३०० ब्लॅकआउटचे सबसॉनिक (आवाजाहून कमी वेगाचे) लोड मात्र वेगळी गोष्ट आहे, तिथे पावडर इतकी कमी असते की दुप्पट पडलेली मावूही शकते. तिथे पावडर चेक डाय, म्हणजे केसमधली पावडर कमीजास्त आहे का ते दाखवणारा भाग, नसेल तर मी प्रोग्रेसिव्हवर भरायला बसणारच नाही. पाच स्टेशनच्या मशीनवर असा डाय बसतो. डिलन ५५० सारख्या चार स्टेशनच्या मशीनवर जागा नसते, तिथे चांगला दिवा लावून प्रत्येक केसमध्ये वाकून बघायचं, बुलेट ठेवायच्या आधी, दर वेळी.

बॉल पावडरची दुसरी बाजूही सांगायला हवी. तिच्या दाण्यावर जळणं मंदावणारा लेप असतो, त्यामुळे पेट घ्यायला ती जरा कठीण, खासकरून थंडीत, म्हणून बऱ्याच लोडमध्ये मॅग्नम, म्हणजे जास्त जोरात पेटवणारा, प्रायमर सांगितलेला असतो. सांगितला असेल तरच वापरा, स्वतःच्या मनाने प्रायमर बदलला की लोड परत खालून चढवायचा. शिवाय बऱ्याच बॉल पावडरी उन्हाळ्या-हिवाळ्यात जास्त हलतात. कडक थंडीत पक्का केलेला लोड वरच्या टोकाला असेल तर भर उन्हात तोच प्रेशरची हद्द ओलांडू शकतो.

डबा आणला की लगेच काडतुसं भरायला घेऊ नका. हॉपर, म्हणजे मेझरवरची पावडरची टाकी, अर्ध्याच्या वर भरा, आत बॅफल (वरच्या पावडरचं ओझं खाली येऊ न देणारी पट्टी) असेल तर बसवा, आणि हँडल वीसेक वेळा मारून पावडर डब्यात परत टाका म्हणजे ती खाली बसते. मग एकच केस घेऊन दहा चार्ज एकेक करून काट्यावर तोला आणि सगळ्यात जास्त व सगळ्यात कमी ह्यातला फरक लिहून ठेवा. हँडल एकाच लयीत मारायचं, टोकाला क्षणभर थांबायचं म्हणजे पावडर पूर्ण उतरते. समजा फरक एकूण ०.४ ग्रेन आला, म्हणजे तुमचा चार्ज ठरवलेल्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना ०.२ ने हलणार, तर ठरवलेला आकडा मॅन्युअलमधल्या कमाल चार्जपासून निदान तेवढा खाली पाहिजेच, मी तर त्याहून बराच खाली ठेवतो. आणि हेही लक्षात घ्या की २५ ग्रेनच्या चार्जमध्ये ०.२ म्हणजे ०.८ टक्के, ४४ ग्रेनमध्ये तेच ०.४५ टक्के. म्हणून लहान केसला पावडरची शिस्त जास्त लागते. भरताना दर दहावीसला एक चार्ज काढून तोला, हॉपर अर्ध्याखाली जाऊ देऊ नका.

केसच्या नेकमध्ये ल्यूब (केसला आकार देताना लावलेलं वंगण) राहिलं असेल तर कुठलीही पावडर तिथे चिकटते, मग पावडरला दोष देऊन उपयोग नाही. लष्करी ७.६२ ची पितळी केस बऱ्याचदा जाड असते, आत जागा कमी, तिथे लोड कमी करून परत चढवायचा.

टेबलावर एका वेळी एकच पावडर. काम झालं की हॉपर रिकामा, पावडर परत तिच्याच मूळ डब्यात, रात्रभर हॉपरमध्ये ठेवायची नाही कारण प्लास्टिक खराब होतं आणि सकाळी आत कुठली पावडर आहे हे नुसतं बघून सांगता येत नाही. आत काय आहे ह्याची जराही शंका आली तर ती पावडर वापरायची नाही, टाकून द्यायची.

विकत घेताना आधी एक पाउंडचा डबा घ्या. एका पाउंडात ७००० ग्रेन, म्हणजे २५ ग्रेनच्या हिशोबाने २८० काडतुसं, मेझरची आणि रायफलची दोन्हींची परीक्षा त्यात आरामात होते. जमली तर आठ पाउंडचा डबा घ्या, सगळा एकाच लॉटचा (एका वेळी बनवलेल्या पावडरचा), आणि लॉट नंबर लोडच्या वहीत लिहा. लॉट बदलला की चार्ज थोडा उतरवून परत तपासायचा, नाव तेच असलं तरी.