आधी विका, मग मांडा: शाळेत बिझनेस प्लॅन स्पर्धा घेताना

बिझनेस प्लॅन स्पर्धा हा प्रकार मुळात एमबीएवाल्यांचा. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात १९८४ साली सुरू झालेली ‘मूट कॉर्प’ ही त्यांतली फार जुनी. गुंतवणूकदारापुढे उभं राहायची ती तालीम होती. नववी-अकरावीच्या मुलांना गुंतवणूकदार गाठायचाच नसतो. तरी आपण तोच साचा उचलतो आणि मग चकचकीत स्लाइड्स, एक ॲप, ‘पाच वर्षांत पाच कोटी’ आणि उत्तम इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला पहिलं बक्षीस असा कार्यक्रम पार पडतो. व्यवसायातलं काही शिकवायचं असेल तर एकच अट घाला: अंतिम फेरीपूर्वी प्रत्येक गटाने परक्या माणसांना दोनदा खरी विक्री केलेली हवी.

वेळ आणि माणसं

इंदूरच्या शाळांना जुलै ते दिवाळी हा काळ सोयीचा. जुलैत गट पाडा, पहिली विक्री गणपतीत, दुसरी नवरात्रापूर्वी आणि अंतिम फेरी दिवाळीच्या सुट्टीआधी. दिवाळीनंतर परीक्षांचं वारं लागतं, मग कुणी सापडत नाही. दहावी-बारावीला यात ओढू नका. गट चौघांचा करा. पाचवा आला की एकजण नुसता फोटोत असतो. हिशेबाची वही दर पंधरवड्याला वेगळ्या मुलाकडे द्या. तसं केलं नाही तर शेवटपर्यंत ‘गणितात हुशार’ असलेली एकच मुलगी वही लिहिते आणि बाकीच्यांना नफा कुठून आला ते सांगता येत नाही.

भांडवल गटामागे १५०० रुपये पुरे. आठ गट म्हणजे १२,००० रुपये. पालक संघ किंवा गल्लीतलं मराठी मंडळ एवढे देऊ शकतं. दिल्ली सरकारने २०२१ मध्ये ‘बिझनेस ब्लास्टर्स’ या शालेय उपक्रमात अकरावी-बारावीच्या मुलांना प्रत्येकी २००० रुपये दिले होते. आपल्याला तेवढ्याची गरज नाही, कारण पैसा कमी असला की मुलं आधी थोडाच माल करतात. रक्कम घरून आणू देऊ नका, नाहीतर स्पर्धा पालकांच्या खिशांची होते.

पहिले दोन आठवडे नुसतं बघायचं

कल्पना विचारण्याआधी मुलांना बाजारात न्या. सराफा दाखवण्यासारखा आहे: दिवसा सोन्या-चांदीची दुकानं, ती मिटली की त्यांच्याच ओट्यांपुढे खाऊगल्ली. एकाच जागेचा दोन पाळ्यांत वापर म्हणजे काय, हे फळ्यावर अर्धा तास समजावण्यापेक्षा तिथे पाच मिनिटांत कळतं. छप्पन दुकान या खाऊच्या बाजारात एका ठेल्यापासून जरा लांब उभं राहून वीस मिनिटं गिऱ्हाइकं मोजायला लावा. किती आले, किती नुसते बघून गेले, साधारण बिल किती. गराडू (तळून विकला जाणारा कंद) थंडीतच का दिसतो, हा प्रश्न हंगामाचा धडा म्हणून ठेवा.

मग गिऱ्हाइकांशी बोलणं. प्रत्येक गटाने पंधराजणांशी बोलावं, त्यांतले दहा तरी नात्यातले किंवा सोसायटीतले नकोत. ‘आम्ही हे केलं तर घ्याल का?’ हा प्रश्न बाद. सुदामानगरच्या कुठल्याही काकू मुलांचं मन राखायला ‘हो रे बाळा’ म्हणणारच. विचारायचं असं: ‘शेवटचं कधी घेतलंत? कुठून? कितीला? त्यात काय आवडलं नाही?’ झालेल्या खरेदीबद्दल माणूस खरं बोलतो. त्याहून पक्की कसोटी म्हणजे दहा रुपये आगाऊ मागणे. शिक्षकाच्या सहीची पावती फाडा. तोंडभरून कौतुक करणारे इथे गळतात.

ॲपची कल्पना दर स्पर्धेत निघते. नाही म्हणू नका. तेच काम दोन आठवडे व्हॉट्सॲप ग्रुप आणि वहीवर करून दाखवा, एवढंच सांगा. बहुतेक ॲप तिथेच संपतात.

हिशेबाचं पान

सगळी स्पर्धा खरं तर या एका पानात आहे. थालीपिठाच्या भाजणीचं उदाहरण घेऊ. भाव नमुन्यादाखल आहेत, मुलांनी सियागंजच्या किराणा बाजारात जाऊन स्वतः काढावेत.

एका घाण्याला तांदूळ, ज्वारी, बाजरी आणि हरभरा डाळ एकेक किलो, गहू व उडीद अर्धा-अर्धा किलो, धणे २०० ग्रॅम. एकूण ५ किलो २०० ग्रॅम, खर्च ३४० रुपये. मुलं इथेच भागाकार करतात: अर्ध्या किलोची दहा पाकिटं, म्हणजे पाकीट ३४ रुपयांना पडलं, ५० ला विकू, सोळा रुपये सुटले!

पण भाजताना ओल उडते आणि थोडं पीठ चक्कीतच राहतं. हाती ४ किलो ९०० ग्रॅमच्या आसपास येतं. पाकिटं नऊच होतात, वर चारशे ग्रॅम उरतं ते घरी खाल्लं जातं. दळणाचे ५२, गॅसचे ३०, पिशव्या-लेबलांचे पाकिटामागे ७ प्रमाणे ६३, सियागंजच्या ई-रिक्षाचे ४०. एकूण ५२५. नऊने भागा: पाकीट ५८ रुपये ३३ पैशांना पडलं. पन्नासला विकलं तर प्रत्येक पाकिटावर आठ रुपये तोटा, आणि जितकी विक्री जोरात तितका तोटा मोठा.

समजा ७५ ला विकलं. पाकिटामागे १६ रुपये ६७ पैसे सुटतात. जत्रेतल्या टेबलाचं भाडं ३०० असेल तर ते भरून निघायला १८ पाकिटं, म्हणजे बरोबर दोन घाणे. दोन्ही घाण्यांचा किराणा एकाच खेपेत आणला तर रिक्षाचे ४० वाचतात, तेवढाच काय तो नफा.

आता शेवटची ओळ, जी कुठलाच गट आपणहून लिहीत नाही: भाजणी भाजली कुणी? आईने, तीन तास. तासाला ५० रुपये धरले तरी १५० झाले. खर्च ६७५, भागिले नऊ, बरोबर ७५. म्हणजे ७५ ला विकून जो नफा दिसला तो नफा नव्हता, आईची न दिलेली मजुरी होती. म्हणून वहीत ‘कुणाचे किती तास’ हा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा आणि घरच्या मोठ्यांच्या तासांनाही भाव लावा. मग मुलं आपोआप विचार करू लागतात: पाकीट पाव किलोचं करावं का, एकदम दोन घाण्यांचं भाजावं का, की ही वस्तूच सोडावी.

नियम, जे ऐनवेळी आडवे येतात

इंदूर म्हटलं की निम्मे गट शेव-नमकीन घेऊन येतात. शाळांसाठीच्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे (२०२०) जास्त तेल, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. तेव्हा असे गट मंडळाच्या जत्रेत विकतील, शाळेत नव्हे. पाकिटावर घटक, वजन, केल्याची तारीख आणि हिरवी खूण हवी. तीळ किंवा शेंगदाणे असतील तर ठळक लिहा. प्लास्टिकचे चमचे-ताटल्या १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत, त्यामुळे द्रोण-पत्रावळीचा खर्च पानात आधीच धरा. ओला-सुका कचरा वेगळा करायला इथल्या मुलांना शिकवावं लागत नाही, पण टेबलाजवळ दोन डबे ठेवायची जबाबदारी एकाच्या नावावर टाका.

अठरा वर्षांखालच्या मुलाने केलेला करार १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे चालत नाही. टेबलाचं बुकिंग, घाऊक ऑर्डर यांवर सही शिक्षकाची. यूपीआयचा क्यूआर शाळेच्या खात्याचा ठेवा. मामाच्या फोनवर आलेले पैसे आणि मामाचे स्वतःचे पैसे रात्री वेगळे करत बसणं हा स्वतंत्र व्यवसाय आहे. उधारी पूर्ण बंद. शिक्षकांनाही.

परीक्षक आणि गुण

तिघे पुरेत: एक किराणा किंवा कापडाचा दुकानदार, एक सीए किंवा मुनीम, एक दुसऱ्या शाळेतले शिक्षक. देणगीदाराला खुर्ची द्या, गुणपत्रिका नको. शंभरांपैकी हिशेबाचं पान आणि रोखवही ३५, गिऱ्हाइकांशी बोलणं २५, पहिल्या विक्रीनंतर काय बदललं नि का ते २५, सादरीकरण १५. वह्या परीक्षकांकडे दोन दिवस आधी पोचवा. त्या मंचावर पहिल्यांदा उघडल्या तर गुण बोलण्यालाच पडतात.

पाच मिनिटं मांडणी, सात मिनिटं प्रश्न, मराठी-हिंदी-इंग्रजी कशातही. उत्तर कोण देणार ते परीक्षक ठरवतील, गट नव्हे. एकाच गटाच्या दोन परीक्षकांच्या गुणांत पंधराहून जास्त फरक आला तर बेरीज करण्याआधी दोघांना बोलू द्या. बहुधा एकाने वही वाचलेली नसते.

बक्षिसाआधी हिशेब मिटवा. मूळ १५०० परत, वर उरलं त्यातून आधी घरच्यांचे तास, मग चौघांची वाटणी. तोटा झालेल्या गटाकडून पैसे वसूल करू नका. दोन-तीन गटांचं भांडवल पूर्ण परत येणार नाही असं धरूनच निधी जमवा. त्यांचं पान मात्र फलकावर बाकीच्यांइतकंच ठळक लावा आणि पुढच्या जुलैत नव्या गटांना पहिल्या तासाला तेच वाचायला द्या.