एसएमपीएसच्या जोडण्या आणि त्यांतील विद्युतदाब : ओळख, जुळणी आणि मोजणी

डेस्कटॉप संगणकात एसएमपीएसकडून, म्हणजे भिंतीवरील वीज संगणकाला लागणाऱ्या कमी दाबांत बदलून देणाऱ्या डब्याकडून, येणारे विजेचे प्लग भलत्या जागी बसू नयेत म्हणून त्यांच्या प्लास्टिकला ठरावीक आकार दिलेला असतो, आणि त्यामुळे जो प्लग बसला तो योग्यच असणार, असे आपण सहज धरून चालतो. हा समज पुष्कळदा खरा ठरतो, पण जेथे खोटा ठरतो तेथे महागडा भाग क्षणात जळतो. माझ्या दोन हार्ड डिस्क अशाच गेल्या. ती हकीकत पुढे येईलच. आकार जुळला तरी त्यामागचा विद्युतदाब वेगळा असू शकतो, हे लक्षात ठेवून प्रत्येक जोडणीची ओळख करून घेतली पाहिजे.

इंटेलने १९९५ मध्ये मांडलेल्या, डेस्कटॉप संगणकाच्या रचनेच्या एटीएक्स मानकात तारांचे रंग ठरलेले आहेत. पिवळ्या तारेत १२ व्होल्ट, लाल तारेत ५ व्होल्ट आणि नारिंगी तारेत ३.३ व्होल्ट असतात. काळी तार ग्राउंडची, म्हणजे शून्य व्होल्टची, तर निळी उणे १२ व्होल्टची असते. संगणक बंद असतानाही जिवंत राहणारी ५ व्होल्टची तार जांभळी असते. जुन्या एसएमपीएस संचांत उणे ५ व्होल्टची पांढरी तार सापडते; नव्या संचांत ती जागा रिकामी असते. सध्या बऱ्याच एसएमपीएसच्या सगळ्या तारा काळ्या असतात, त्यामुळे रंगांबरोबर पिनांच्या जागाही माहीत असणे आवश्यक आहे.

मदरबोर्डचा मुख्य प्लग पूर्वी २० पिनांचा होता, तो २४ पिनांचा झाला. त्यातील दोन तारा वीज पुरवण्यासाठी नसून निरोप देण्यासाठी असतात. हिरवी तार मदरबोर्डने ग्राउंडला जोडली की एसएमपीएस सुरू होतो. आणि सर्व दाब स्थिर झाले की एसएमपीएस करड्या तारेवर ५ व्होल्ट देऊन तसे कळवतो, त्यानंतरच प्रोसेसर कामाला लागतो. तारा काळ्या असतील तर क्लिप असलेली रांग समोर धरून तिच्यातील एकमेव रिकामे छिद्र शोधावे. त्याच्या एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला सात पिना असतात. त्या सातांपैकी मधली पिन हिरव्या तारेची, आणि तिच्या लगतच्या दोन्ही पिना ग्राउंडच्या असतात.

सर्वाधिक गोंधळ होतो तो प्रोसेसरच्या आणि ग्राफिक्स कार्डच्या ८ पिनी प्लगांमध्ये. दोन्ही सारखेच दिसतात आणि दोन्हींतून १२ व्होल्टच येतात, परंतु त्यांची मांडणी उलट असते. प्रोसेसरच्या प्लगमध्ये चार पिवळ्या तारा क्लिपच्या बाजूला आणि चार काळ्या पलीकडे असतात. ग्राफिक्स कार्डच्या प्लगमध्ये क्लिपच्या बाजूला काळ्या तारा असतात आणि तीन पिवळ्या तारा पलीकडच्या रांगेत येतात. एक प्लग दुसऱ्याच्या जागी जोर लावून बसवला, तर १२ व्होल्ट थेट ग्राउंडला भिडतात. छिद्रांचे चौकोनी आणि गोलसर आकार हा अपघात टाळण्यासाठीच केलेले आहेत, म्हणून प्लग अडतो आहे असे वाटताच हात थांबवावा. सुटा करण्याची रीतही भेद सांगते : प्रोसेसरचा प्लग ४ अधिक ४ असा दुभंगतो, ग्राफिक्स कार्डचा ६ अधिक २ असा.

प्रोसेसर प्रत्यक्षात एक-सव्वा व्होल्टवर चालत असताना त्याला १२ व्होल्ट का द्यायचे, हा प्रश्न रास्त आहे. १२० वॅट शक्ती ५ व्होल्टने न्यायची तर तारांतून २४ अँपिअर प्रवाह जातो, १२ व्होल्टने न्यायची तर १० अँपिअर पुरतात. आणि तार तापते ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणून शक्ती चढ्या दाबाने प्रोसेसरजवळ आणतात आणि दाब तेथेच, मदरबोर्डवर उतरवतात.

हाच हिशेब अडॅप्टर, म्हणजे एका प्रकारच्या प्लगवरून दुसऱ्या प्रकारचा प्लग काढून देणारी तार, वापरण्यापूर्वी करावा. ग्राफिक्स कार्डला स्लॉटमधून ७५ वॅट, ६ पिनी प्लगमधून ७५ वॅट आणि ८ पिनी प्लगमधून १५० वॅट मिळावेत, अशी मानकाची मर्यादा आहे. हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या चपट्या साटा प्लगमध्ये १२ व्होल्टसाठी तीन पिना असतात आणि प्रत्येकीची क्षमता दीड अँपिअर असते. म्हणजे एकूण ५४ वॅट. साटावरून ६ पिनी प्लग काढून देणारा अडॅप्टर या ५४ वॅटच्या वाटेने ७५ वॅट मागू शकतो. असे अडॅप्टर सर्रास विकले जातात, पण माझ्या मते ते कोणीही वापरू नयेत. नव्या कार्डांवरील १६ पिनी प्लग तर ६०० वॅटपर्यंत वाहून नेतो, त्यामुळे तो पूर्ण आत गेला आहे ना, हे डोळ्यांनी तपासावे आणि प्लगच्या अगदी जवळ तार वाकवू नये. अर्धवट बसलेले असे प्लग वितळलेले आहेत.

आता मॉड्युलर एसएमपीएसकडे येऊ. यांच्या तारा दोन्ही टोकांनी सुटतात. संगणकाच्या भागांकडील टोक मानकाने बांधलेले असते, पण एसएमपीएसकडील टोकाला कोणतेही सामायिक मानक नाही. एकाच उत्पादकाच्या दोन मॉडेलांतही पिनांचा क्रम निराळा असू शकतो. मी एसएमपीएस बदलला, तेव्हा कॅबिनेटमध्ये नीट ओवून ठेवलेल्या जुन्या तारा तशाच राहू दिल्या. त्यांचे प्लग नव्या संचात अचूक बसले. संगणक सुरू करताच जळका वास आला आणि दोन्ही हार्ड डिस्क निकामी झाल्या, कारण त्यांच्या ५ व्होल्टच्या पिनेवर १२ व्होल्ट पोहोचले होते. तेव्हापासून मी एसएमपीएस बदलताना जुनी प्रत्येक तार बाहेर काढतो, आणि प्रत्येक संचाच्या तारा त्याच्या मॉडेलचे नाव लिहिलेल्या पिशवीत ठेवतो.

मोजणीसाठी साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. तो डीसी २० व्होल्टच्या टप्प्यावर ठेवावा आणि काळा प्रोब ग्राउंडच्या कोणत्याही तारेला लावावा. २४ पिनी प्लग मदरबोर्डमध्येच राहू द्यावा, आणि लाल प्रोब प्लगच्या मागून, तारेच्या कडेने आत सरकवावा. त्याचे टोक एकाच वेळी दोन पिनांना लागणार नाही, याची काळजी घ्यावी. १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या तारांना ५ टक्के फरकाची मुभा आहे : म्हणजे ११.४ ते १२.६, ४.७५ ते ५.२५ आणि साधारण ३.१४ ते ३.४७. उणे १२ व्होल्टला १० टक्के मुभा आहे. संगणक स्वस्थ असताना आलेले आकडे पुरेसे नसतात. ग्राफिक्स कार्डवर ताण देऊन पुन्हा मोजावे, कारण थकलेल्या एसएमपीएसचा १२ व्होल्टचा दाब तेव्हाच खाली येतो. सॉफ्टवेअर दाखवते त्या आकड्यांपेक्षा मल्टिमीटरवर विश्वास ठेवावा. एसएमपीएसचा डबा मात्र स्वतः कधीही उघडू नये. आतील कपॅसिटरमध्ये, प्लग काढल्यानंतरही, ३०० व्होल्टहून अधिक दाब साठून राहू शकतो.

संगणक मुळीच सुरू होत नसेल, तर प्रथम जांभळी तार मोजावी. तेथे ५ व्होल्ट नसतील, तर भिंतीवरील सॉकेट, वीजकेबल आणि एसएमपीएसचा मागचा स्विच तपासावा. ते ठीक असल्यास दोष बहुधा एसएमपीएसचाच असतो. जांभळ्या तारेवर ५ व्होल्ट असतील तर हिरवी तार पाहावी. तेथे दोनपेक्षा अधिक व्होल्ट दिसायला हवेत आणि पॉवर बटण दाबताच आकडा शून्याजवळ यायला हवा. तो येत नसेल, तर बटण, त्याची तार किंवा मदरबोर्ड यांत बिघाड शोधावा. तो शून्याजवळ येऊनही पिवळ्या तारेवर १२ व्होल्ट येत नसतील, तर लगेच एसएमपीएस बदलू नये. एखाद्या भागातील शॉर्टमुळेही संरक्षण यंत्रणा पुरवठा तोडते, म्हणून एसएमपीएसचा मागचा स्विच बंद करून आधी हार्ड डिस्क, मग ग्राफिक्स कार्डाचे प्लग आणि कार्ड असे एकेक भाग काढावेत आणि प्रत्येक वेळी स्विच सुरू करून, पॉवर बटण दाबून पिवळी तार पुन्हा मोजावी.