सगळे विषय पास, तरी जनरल एज्युकेशन अपुरं!

कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजमधून (दोन वर्षांचं स्थानिक कॉलेज) राज्याच्या विद्यापीठात गेले, आणि डिग्री ऑडिट, म्हणजे पदवीसाठी काय झालं, काय बाकी हे दाखवणारा तक्ता, उघडलं तर जनरल एज्युकेशनचे (सगळ्यांना सक्तीचे पायाभूत विषय) तीन रकाने लाल. पोटात गोळाच आला. सगळे विषय मी पूर्ण केले होते!

घोळ असा होता: ट्रान्सस्क्रिप्ट (गुणपत्रक) पोचलं होतं, पण ‘आयगेट्सी’चं, म्हणजे कम्युनिटी कॉलेजातच जनरल एज्युकेशन पूर्ण करायच्या ठरलेल्या विषयसंचाचं, सर्टिफिकेशन (तो पूर्ण झाल्याचा कॉलेजचा दाखला) नाही. ते आपोआप जातंच असं नाही, मागावं लागतं. नाहीतर विद्यापीठ स्वतःचे नियम लावून एकेक विषय तपासतं. त्यात माझा भाषणकलेचा विषय दुसऱ्याच कॉलेजातला. तिथलं ट्रान्सस्क्रिप्ट आधी माझ्या शेवटच्या कॉलेजला मागवलं. मग ‘असिस्ट’ या राज्याच्या अधिकृत साइटवर, मी तो विषय केला त्या वर्षाची, त्या कॉलेजची आयगेट्सीची यादी काढली. चालू वर्षाची नव्हे, हे फार महत्त्वाचं. ‘१सी’ या भाषणकलेच्या गटाखाली माझ्या विषयाचा क्रमांक दिसला तेव्हा जीव भांड्यात पडला. समुपदेशकबाईंनी ती प्रत पाहून सर्टिफिकेशन पाठवलं आणि रकाने हिरवे झाले.

२०२५ च्या फॉलपासून (शरदातल्या सत्रापासून) नव्या विद्यार्थ्यांसाठी आयगेट्सीच्या जागी ३४ युनिटांचं (श्रेयांकांचं) ‘कॅल-गेट्सी’ आहे. प्रत्येक विषयात किमान सी ग्रेड लागतो. सी-मायनस चालत नाही.