दोन चुंबक, एक दाभण आणि तापीची रेती

चुंबक शिकायचा तर एक नाही, दोन चुंबक घ्या. एका चुंबकाने टाचण्या उचलता येतात, खिळे ओढता येतात, आणि तिथे मुलांना वाटतं की झालं, कळलं. पण चुंबकाचा खरा स्वभाव त्याच्यासमोर दुसरा चुंबक धरल्याशिवाय दिसत नाही. मी चोपडा तालुक्यात सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. या धड्याच्या पहिल्याच तासाला मी मुलांना एक वाक्य वहीत लिहायला लावते: ओढलं म्हणून चुंबक ठरत नाही, ढकललं तरच ठरतो. ते कसं, हे घरच्या घरी करून पाहता येतं.

आधी सामान. शालेय साहित्याच्या दुकानात पट्टी-चुंबकाची जोडी मिळते. ती नसेल तर रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे जा आणि बिघडलेल्या स्पीकरमधली काळी, भोक असलेली चकती मागा. दोन मागा. या चकतीचे ध्रुव, म्हणजे चुंबकाचं बळ जिथे सगळ्यांत जास्त असतं त्या जागा, तिच्या कडेला नसतात, दोन सपाट बाजूंवर असतात. वरची बाजू एक ध्रुव, खालची दुसरा. हे माहीत नसलं की मुलं उगाच कडेकडेने टाचण्या लावत बसतात.

इअरफोनमध्ये किंवा खेळण्यांत जे इवलेसे चकचकीत चुंबक असतात, ते या प्रयोगांसाठी वापरू नका. ते निओडिमियमचे असतात, आकाराच्या मानाने फार जोरदार. लहान भावंडाने असे दोन गिळले तर पोटात आतड्याच्या दोन पदरांना मध्ये धरून ते एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला भोक पडू शकतं. असं झाल्याची शंका जरी आली तरी वाट पाहू नका, तडक दवाखाना गाठा.

आता चुंबक घेऊन घरभर फिरा. काय चिकटतं ते आधी वहीत अंदाजाने लिहा, मग लावून पाहा. कढई, विळी, कुदळीचं पातं चिकटणारच. तांब्याचा हंडा, पितळी समई, ॲल्युमिनियमचं पातेलं नाही चिकटणार. खरी गंमत नाण्यांत आहे. हल्लीचं एक आणि दोन रुपयाचं नाणं टपकन चिकटतं, पाचाचं पिवळं आणि दहाचं दुरंगी नाणं चिकटत नाही. एक-दोनची नाणी चुंबकाला ओढल्या जाणाऱ्या पोलादाची असतात, पाचाचं नाणं मात्र तांबं-जस्त-निकेलच्या मिश्रणाचं असतं. इथे एखादी हुशार मुलगी हमखास विचारते, "बाई, निकेल तर चिकटतं म्हणता ना?" चिकटतं. लोखंड, निकेल आणि कोबाल्ट हे तिन्ही धातू चुंबक ओढतो. पण निकेल भरपूर तांब्यात मिसळलं की त्याचा हा गुण उरत नाही.

स्टीलच्या ताटाचंही तसंच. काही चमचे चिकटतात, बरीचशी ताटं-वाट्या चिकटत नाहीत, आणि दोन्हींत लोखंडच जास्त असतं. न गंजणाऱ्या स्टीलमध्ये निकेल किंवा मँगनीज पुरेसं घातलं की लोखंडाच्या अणूंची मांडणीच बदलते आणि चुंबकाला ते दाद देत नाही. म्हणून ‘चिकटलं नाही, म्हणजे यात लोखंड नाही’ असं लिहू नका. जळगावच्या सराफ्यासाठी काम करणारे कारागीरही सोन्याचा कीस वितळवण्याआधी त्यातून चुंबक फिरवतात, ते कानशीचं लोखंड वेचायला. सोनं खरं की खोटं हे चुंबक सांगू शकत नाही, कारण तांबं आणि चांदीही त्याला चिकटत नाहीत.

पुढचं काम मला सगळ्यांत आवडतं. पूर ओसरल्यावर तापीच्या पात्रात, पाण्याच्या कडेला, रेतीवर काळपट पट्टे दिसतात. हलकी रेती पाण्याबरोबर पुढे जाते, जड कण मागे राहतात, त्याचे हे पट्टे. मोठ्या माणसाला सोबत घेऊन जा आणि तिथली ओंजळभर रेती आणा. कडक उन्हात पूर्ण वाळवा, ओली रेती दगा देते. वर्तमानपत्रावर पातळ पसरा. चुंबक दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घाला आणि रेतीवरून अलगद फिरवा. काळे कण उड्या मारून पिशवीला लागतात आणि टोकाशी काट्यांसारखे उभे राहतात. वर्गात पहिल्यांदा हे दाखवलं की कोणीतरी अहिराणीतच ओरडतं, "बाई, रेतीबी चिकटस!" आता पिशवी कोऱ्या कागदावर धरून चुंबक आतून काढून घ्या, सगळे कण खाली पडतील. पिशवी न घालता उघडा चुंबक रेतीत बुचकळलात तर ते कण खरवडता खरवडता जीव जाईल.

हे कण म्हणजे मॅग्नेटाइट, लोखंडाचं काळं ऑक्साइड. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर पसरले, त्यांचा काळा पाषाण झाला. सातपुड्यात आणि अजिंठ्याच्या डोंगरात तोच आहे. तो झिजतो, कण नाल्यांतून तापीत येतात. बाजारातून लोहकीस आणायची गरज नाही, खान्देशातल्या मुलांना तो नदीच देते. हे कण एका कागदावर भुरभुरवा, कागदाखाली पट्टी-चुंबक ठेवा आणि कागदावर बोटाने हलकी टिचकी मारा. कण रांगा धरतात: टोकांशी दाट गर्दी, मधे विरळ, आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वळणाऱ्या कमानी. चुंबकाचं बळ कुठे आणि कसं पसरलंय, त्याचा हा नकाशाच. टाचण्यांनीही पडताळून पाहा, ऐन मध्यावर टाचणी जेमतेम लागते किंवा लागतच नाही.

मग चुंबक टांगा. पट्टी-चुंबक मध्यावर बांधून आडवा राहील असा लोंबकळत ठेवायचा. दोरा पीळ नसलेला हवा. सुती दोऱ्याचा पीळ सुटताना चुंबक स्वतःच गरगरतो आणि मुलं त्यालाच चुंबकत्व समजतात. जुन्या नायलॉनच्या साडीचा एक धागा उत्तम. जागा नीट निवडा: लोखंडी कपाट, खाट, खिडकीचे गज, सायकल यांच्यापासून लांब. स्लॅबच्या घरात छतात सळया असतात, धाब्याच्या घरातला सागवानी सर, म्हणजे छताची तुळई, त्यापेक्षा बरा. नाहीतर वारा नसताना अंगणातल्या निंबाची फांदी.

लोखंडाची ही काळजी फाजील नाही. कुलाब्याची, पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारी वेधशाळा मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि मोजमाप बिघडणार म्हणून अलिबागला न्यावी लागली. १९०४ मध्ये तिथे काम सुरू झालं, आणि इमारतच मुळात लोखंड टाळून बांधली गेली.

थोडा वेळ डोलून चुंबक थांबेल. एक टोक सातपुड्याकडे, दुसरं अजिंठ्याच्या डोंगराकडे. हलवून सोडा, पुन्हा तसाच येईल. तापीकाठच्या मुलांना उत्तर दिशा शिकवावी लागत नाही, सातपुडा समोर असतोच. सातपुड्याकडचं टोक हा चुंबकाचा उत्तर ध्रुव. त्यावर खडूने खूण करा. दुसराही चुंबक असाच टांगून खूण करा, रंगवलेल्या टोकावर विश्वास ठेवू नका.

पृथ्वी स्वतःच एक मोठा चुंबक आहे, हे विल्यम गिल्बर्ट यांनी १६०० साली मांडलं. चुंबकाचं उत्तर टोक जर उत्तरेकडे ओढलं जातं, तर पृथ्वीच्या उत्तरेला चुंबकाचा दक्षिण ध्रुव असला पाहिजे. हे ऐकून मुलं गोंधळतात. त्यांना गोंधळू द्या आणि लगेच पुढचा प्रयोग करायला लावा.

एक चुंबक टांगलेलाच ठेवा. दुसऱ्याचं खूण केलेलं टोक त्याच्या खूण केलेल्या टोकाजवळ हळूहळू न्या. ते टोक मागे सरकेल, तुम्ही पाठलाग केलात तर पळत राहील. आता बिनखुणेचं टोक न्या, झेपावून येईल. सजातीय ध्रुव ढकलतात, विजातीय ओढतात. मग त्याच जागी साधा खिळा न्या. खिळा दोन्ही टोकांना ओढतो, ढकलत एकालाही नाही. चुंबकाजवळ आलेलं लोखंड तात्पुरतं चुंबक बनतं आणि जवळच्या बाजूला नेहमी विरुद्ध ध्रुव तयार होतो, म्हणून तिथे फक्त ओढच असते. चुंबकाला एक टाचणी, तिला दुसरी, तिला तिसरी अशी माळ लागते, तीही याच कारणाने. वहीतलं पहिलं वाक्य मुलांना इथे समजतं.

आता स्वतः चुंबक बनवा. गोधडी शिवायची दाभण घ्या. चुंबकाचं एकच टोक दाभणीच्या नेढ्यापासून अणीपर्यंत घासत न्या, मग उचलून हवेतून परत नेढ्याकडे आणा. मागे-पुढे घासायचं नाही, एकाच दिशेने, तीस-चाळीस वेळा. लोखंडाच्या आत चुंबकत्वाचे सूक्ष्म प्रदेश असतात, एरवी त्यांची तोंडं दहा दिशांना असतात. घासल्याने ती एका दिशेला वळतात. दाभण पिंपळाच्या पानावर ठेवून मातीच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यातल्या पाण्यावर सोडा: होकायंत्र तयार. उत्तर ध्रुवाने घासलं असेल तर अणी दक्षिण ध्रुव होते, म्हणजे ती सातपुड्याकडे पाठ करते.

दाभणीला टांगलेल्या चुंबकाने ढकलून पाहताना मात्र घाई नको. दाभण कमजोर चुंबक आहे. जोरदार चुंबक एकदम जवळ नेलात तर तिचे ध्रुवच उलटतात आणि ढकलण्याऐवजी ओढ दिसते. लांबूनच पाहा, पहिली हालचाल कुठल्या बाजूला होते ती खरी.

मोठ्यांच्या हातून दाभण चिमट्यात धरून गॅसवर लालबुंद करा, थंड होऊ द्या, पुन्हा पाण्यावर सोडा. आता ती कुठेही तोंड करून थांबेल. लोखंड ७७० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की ती सगळी शिस्त मोडते. आपटण्यानेही चुंबक कमजोर होतो. म्हणून पट्टी-चुंबक ठेवताना जोडीने, विरुद्ध ध्रुव शेजारी येतील असे, आणि दोन्ही टोकांना मऊ लोखंडाचा तुकडा लावून ठेवा.

आणखी एक, थोड्या मोठ्या मुलांसाठी. हॅकसॉचं जुनं पातं दाभणीसारखंच घासून चुंबक करा, फडक्यात गुंडाळून मोठ्यांकडून मोडून घ्या. एका तुकड्यात उत्तर आणि दुसऱ्यात दक्षिण असं होत नाही, दोन्ही तुकड्यांना दोन-दोन ध्रुव मिळतात. पुन्हा मोडा, पुन्हा तेच.

शेवटी परीक्षा घ्या. सारख्या दिसणाऱ्या दोन पट्ट्या द्या, एक चुंबक, एक साधं लोखंड. दोरा नाही, टाचणी नाही, तिसरी वस्तूच नाही. ओळखा कोणती कोण. टोकाला टोक लावून दोन्ही पट्ट्या एकमेकींना ओढतात, त्यातून काही ठरत नाही. एका पट्टीचं टोक दुसरीच्या ऐन मध्यावर टेकवायचं. घट्ट धरलं तर हातातली पट्टी चुंबक, जेमतेम धरलं तर खालची. मुलांना विचार करायला पूर्ण तास द्या, आणि पट्ट्या कागदात गुंडाळून द्या, नाहीतर ती रंगावरूनच ओळखतात.